तिथंच लिहा

आमूचं डोकं माझ्या डाव्या हातावर होतं आणि फोन उजव्या हाताशी, उशीला टेकवलेला, म्हणून तो मेसेज मी लगेच वाचला. नाहीतर दुपारच्या या तासाभरात मी फोनकडे बघत नाही. ‘गाठोडं आतापर्यंत कुणाकुणाकडे जाऊन आलंय ते जरा नावानिशी सांगा गं. आडनाव पण लिहा. आमच्यात बघावं लागतं.’ त्यापुढे हात जोडलेले. मी वाचत असतानाच त्याखाली एक अंगठा उमटला, मग दुसरा, मग तिसरा. आमच्या आयांच्या व्हॉट्सअॅप गटातला हा मेसेज साईराजच्या आईचा, म्हणजे पळसदरीच्या ललिताताईंचा होता. हाताला मुंग्या आधीपासून होत्या की तेव्हा आल्या, कळेना. आमूच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते, पंखा घरघरत होता, आतल्या खोलीत प्रबुद्ध खोपोलीच्या कारखान्यातली रात्रपाळी करून येऊन झोपला होता, आणि पलंगाच्या पायथ्याशी, माझ्या पावलांना लागत होतं ते गाठोडं. मी पाय थोडे वर ओढून घेतले. मग माझंच मला लक्षात आलं की मी पाय का ओढले, आणि मी ते पुन्हा होते तिथे, गाठोड्याला टेकवून ठेवले.

नव्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. वापरून वापरून मऊ झालेलं, आधी एखाद्या बाळाच्या अंगावर नांदलेलं झबलं घालतात. आमू व्हायच्या आधी माझ्या आईनं खालापूरहून तिचं एक विरत आलेलं पातळ आणलं, त्याची सात झबली शिवली, चार लंगोट, दोन टोपडी, आणि उरलेल्या चौकोनात ते सगळं बांधून दिलं. आमूचं बारसं झालं तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या, मेघाच्या बहिणीला दिवस भरले होते. मी सगळं धुऊन, उन्हात वाळवून तिच्याकडे पाठवलं. तिनं बारशानंतर पुढे पाठवलं. तेव्हापासून गाठोडं बारा-बारा दिवसांनी घर बदलत फिरतंय. कर्जत, मुद्रे, दहिवली, खोपोलीत तर सहा घरं, खालापूरच्या गावांतून पाच. ज्या घरी जाईल तिथली आई पातळाच्या काठावर आपल्या आवडीच्या रंगाचा एक टाका घालते. पहिला निळा माझा आहे. आत्तापर्यंत बावीस झालेत. बांधायचं पातळ मधोमध फाटलं म्हणून ते परवा माझ्याकडे शिवायला आलं होतं, आणि इथून जायचं होतं पळसदरीला, ललिताताईंच्या नणंदेकडे, नम्रताकडे, जी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि जिचे दिवस भरलेत. बावीस टाक्यांपैकी कुठला कुणाचा ते मला पाठ आहे. रंगांना आडनावं नव्हती. नव्हती म्हणजे, मी ठेवली नव्हती.

हे आमच्या गटामुळे झालं. ‘दुपटं’ नाव मीच दिलं. सातव्या महिन्यात तपासणीच्या रांगेत ओळख झालेल्या आम्ही अकरा जणी होतो, आता एकशे शहाऐंशी आहोत. मेघा, खोपोलीच्या शाळेत शिकवणारी, आणि मी, अशा दोघी अॅडमिन. पहिल्याच आठवड्यात मी नियम लिहिले होते, तेव्हाही न थांबलेल्या उलट्यांमधून वेळ काढून, फार हौसेनं. नाव बाळाच्या नावानं लिहायचं, अमक्याची आई, आडनाव नको. मेघा म्हणाली होती, किती गोड कल्पना आहे. मी तिला कारण सांगितलं नव्हतं. तेव्हा मला स्वतःलाही वाटलं होतं की गोड म्हणूनच केलंय. आडनाव नसलं की ते विचारलं जाणार नाही, विचारलं नाही की काही राहणार नाही, असा माझा हिशेब. म्हणजे दार काढून टाकलं की कुणी दारावर थाप मारणार नाही. दुसरा नियमही माझाच: कुणाचं काही खटकलं तर गटात बोलायचं नाही, खाजगीत सांगायचं, दोनदा सांगून फरक पडला नाही तर काढायचं. त्याप्रमाणे आम्ही दोघांना काढलं. एक बाई रोज दूध वाढायची पावडर विकत होती, आणि एक नवरा बायकोच्या नंबरावरून घुसून नको ते फोटो टाकत होता. त्या दोघांना काढताना बोट जरासुद्धा अडखळलं नव्हतं. वाईट माणसाला बाहेर काढायला नियम लागतच नाही, हे मला आज दुपारी कळलं. नियम लागतो तो चांगल्या माणसासाठी.

आणि ललिताताई चांगल्या आहेत, हेच तर मोठं संकट. आमू नऊ दिवसांची होती आणि छातीला तोंड लावत नव्हती. लावलं की किंचाळायची. माझी छाती दगडासारखी झाली होती, अंगात ताप, आई गावी परतलेली, आणि मी गटात नुसतं लिहिलं, ‘मला जमत नाहीये.’ तासाभरात दारात स्कूटीचा आवाज. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. जाड वेणी, हातात गरम पाण्याची पिशवी, आणि आल्या आल्या, ‘कुठं हाय ती लबाड?’ त्यांनी पलंगावर माझ्यामागे बसून मला स्वतःच्या अंगावर रेलायला लावलं, माझी छाती आपल्या हातात धरली, जशी कणीक धरतात तशी सहज, आमूची हनुवटी एका बोटानं खाली केली आणि म्हणाल्या, ‘आता ये.’ आणि आमू आली. तिनं पहिल्यांदा गिळलं तो आवाज, टक् असा, मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी रडत होते आणि माझ्या पाठीला त्यांचं पोट हसल्यामुळे हलत होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत. त्यांच्या खालूनच त्या आत आल्या होत्या. म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत आहे. मग प्रबुद्धनं चहा आणला, आणि त्या म्हणाल्या, ‘नको, उपास हाय.’

नऊ महिन्यांत हा चहा मला एकदाही आठवला नव्हता. आज तो कपासकट येऊन समोर उभा राहिला. त्यावरची साय, बशीत सांडलेला थेंब. मी आमूचा हात हळूच सोडवला, तिच्या कुशीला उशी लावली, फोनमध्ये मागे मागे गेले. ‘पोचले गं घरी. बाळाला जप.’ त्याची तारीख मिळाली. आमूच्या कपड्यांच्या फळीवर मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं अंथरली आहेत. टोपडी, मोजे, सगळं खाली उतरवून मी ते पान काढलं. त्या दिवशी संकष्टी होती. मला इतकं हलकं वाटलं की मी फळीला धरून उभी राहिले. मग वाटलं, संकष्टीला चहा चालतो की. मग वाटलं, काही जणी पाणीसुद्धा घेत नाहीत. मग वाटलं, त्यांनी गरम पाण्याची पिशवी भरून घेताना माझ्या स्वयंपाकघरातल्या तांब्यानं पाणी प्यायलं होतं का? मी आठवायला लागले, एक बाई माझ्या घरी कुठे उभी होती, तिचा हात कशाला लागला, कशाला लागला नाही. आणि एकदम मला स्वतःची किळस आली, कारण मी तेच करत होते. मी त्यांचा हात मोजत होते. तो कागद मला काही सांगू शकणार नव्हता. मी कपडे पुन्हा फळीवर लावले, एकावर एक, कडेला कड.

मेघाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत गेले. ‘पाहिलंस?’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मग खाजगीत बोलून टाक ना. पहिलीच वेळ आहे तिची. नियम तूच लिहिलायस.’

‘बोलणं सगळ्यांसमोर झालंय, मेघा. तीन अंगठे पण.’

‘अंगठ्यांचं सोड गं, बायका न वाचता देतात. तुला नको असेल तर मी सरळ काढून टाकते. कारणही द्यायला नको. शाळेत मी हेच करते, बाकावरून उठवायचं, बाहेर उभं करायचं, पाच मिनटात वर्ग शांत.’

‘आणि बाहेर उभा असतो तो?’

‘तो खिडकीतून वाकुल्या दाखवतो,’ ती हसली, आणि मलाही हसू आलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुला लागलं का फार?’ तिला माहीत होतं. म्हणजे तीही आडनावाशिवाय माहीत असणाऱ्यांतली. सगळ्यांनाच सगळं माहीत होतं, आणि मी नऊ महिने एक पडदा धरून उभी होते ज्याच्या दोन्ही बाजूंनी आरपार दिसत होतं.

माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी ती शिजवायची. आमच्या गावची चार पोरं ती खिचडी खात नसत. त्यांच्या आया सांगायच्या, पोट बिघडलंय. अख्ख्या गावात चारच पोरांचं पोट, आणि तेही बारा महिने रोज बिघडलेलं. कुणी कधी काही बोललं नाही. अंगणवाडीच्या ताई वहीत लिहायच्या, बरं नाही. मीही त्याच अंगणवाडीत, सतरंजीवर बसून जेवायचे, आणि मला आठवतं ते त्या चौघांचं उपाशी असणं नाही, आईचं ताटं मांडणं. ती रोज त्यांचीही चार ताटं मांडायची. रोज ती तशीच उचलायची, रोज धुवायची. एकदा मी म्हटलं, ‘आये, ती खात नायत तर मांडतेस कशाला?’ ती म्हणाली, ‘मी मांडनार. खायचं का नाय ते त्यांनी बघावं.’ मला तेव्हा ती भित्री वाटली होती. भांडत का नाही, असं वाटायचं. आज गॅलरीत उभं राहून, खाली भाजीवाल्याचा टेंपो उलटा घेताना वाजणारं ते यंत्राचं गाणं ऐकत, मला वाटलं की ती भांडतच होती, फक्त तिच्या हातात तेवढीच जागा होती, चार ताटांएवढी. माझ्या हातात एकशे शहाऐंशी आहेत. आणि खाजगीत बोलू म्हणणं किंवा गुपचूप काढून टाकणं, दोन्हींत शेवटी वहीत लिहिलं जातं, बरं नाही.

मी ललिताताईंना फोन लावला.

‘बोल गं पौर्णिमा. आमू झोपली काय?’ तोच आवाज, पिशवीतल्या गरम पाण्यासारखा.

‘ताई, गटात तुम्ही विचारलंत ते...’

‘हां, ते होय! अगं सासूबाई मागंच लागल्यात. नम्रताचं पहिलंच हाय ना. म्हातारी म्हनते, कुनाचं कापड पोराच्या अंगाला लागनार ते तरी बघा. मी म्हटलं, बाय, विचारते.’

‘गाठोडं माझ्या घरून सुरू झालंय.’

पलीकडे कुकरची शिटी झाली. साईराज काहीतरी मागत होता; त्यांनी त्याला ‘थांब रं’ म्हटलं. मग म्हणाल्या, ‘तुझं येगळं गं. तू आपल्यातलीच झालीस.’

‘कधी झाले, ताई?’

आता त्यांना कळलं. त्यांचा श्वास मला ऐकू आला. ‘आई गं. तुला लागलं? माझ्या डोक्यात पन नाय आलं बघ. चुकलं माझं, पौर्णिमा. तू लहान हायेस तरी पाया पडते तुझ्या. आत्ता पुसून टाकते तो मेसेज.’ त्या रडत होत्या. खोटं नव्हतं ते. त्या क्षणी मी ‘जाऊ दे ताई’ म्हटलं असतं तर सगळं निस्तरलं असतं, आणि ‘जाऊ दे’ माझ्या जिभेवर आलंही होतं, तिथे ते लहानपणापासून तयार ठेवलेलं आहे.

‘तिथं लिहा, ताई,’ मी म्हटलं. ‘चुकलं म्हणून.’

‘कुठं?’

‘गटात. विचारलंत तिथंच.’

‘तिथं माझी जाऊ हाय, नम्रता हाय, गावच्या पाच जनी हायत! सासूबाईंच्या कानावर पाच मिनटात जाईल.’

‘विचारलंत तेव्हाही त्या होत्याच की.’

‘ते येगळं.’

‘तुमचं समदंच येगळं हाय ताई,’ मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून आईची बोली निघाली म्हणून मीच दचकले.

मग हळूच, जवळजवळ मायेनं त्या म्हणाल्या, ‘मग काढून टाक मला. तुझ्याच हातात हाय.’

‘सहापर्यंत वाट बघते.’

‘आमूला जप,’ त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी गट उघडला तर मेसेज पुसलेला होता. त्याबरोबर तीन अंगठेही गेले. कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी काही मान्य केलं नव्हतं. दुपार पुन्हा कोरी करकरीत. आता मी काही लिहिलं तर भांडण मीच काढलं असं होणार होतं. प्रबुद्ध उठून दारात उभा होता, गालावर उशीचे वळ. मी त्याला सगळं सांगितलं. तो फार बोलत नाही. ‘नाव लिहिणार?’ त्यानं विचारलं.

‘हो.’

‘पूर्ण?’

‘पूर्ण.’

‘मग आमूला दे इकडे. दोन हातांनी लिही.’

मी लिहिलं: ‘मी पौर्णिमा प्रबुद्ध रोकडे. आमूची आई. आम्ही बौद्ध आहोत. आज दुपारी गटात विचारलं गेलं की गाठोडं कुणाकुणाकडे जाऊन आलं, आडनावासकट. तो मेसेज पुसलाय, पण आपण तो वाचलाय, आणि तिघींनी त्याला अंगठा दिला होता. गाठोडं माझ्या घरून सुरू झालं. बाकी एकवीस घरांची नावं मी देणार नाही आणि इथे कुणी कुणाला विचारणार नाही. खाजगीत सांगायचा नियम मी लिहिला होता, तो मी आज बदलते. सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोर मागं घ्यायचं. जी घेणार नाही तिला काढू, आणि ज्या दिवशी ती लिहीन म्हणेल त्या दिवशी परत घेऊ, एकही प्रश्न न विचारता. ललिताताईंनी मला बाळाला पाजायला शिकवलं. हा नियम त्यांनाही आहे.’ पाठवलं. मेघानं लगेच लिहिलं, ‘नियम मान्य. मेघा, दुसरी अॅडमिन.’ मग काही नाही. चाळीस जणींनी वाचलं, सत्तर जणींनी, शंभरावर गेलं. इतक्या बायका एका वेळी गप्प बसलेल्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

सव्वापाचला एकीनं लिहिलं, ‘बाळाला शी हिरवी होतेय. काय करू?’ मला तिचा इतका राग आला, आणि लगेच इतकी माया. मी उत्तर लिहायला घेतलं तोवर त्याखाली आवाज येऊन पडला, ललिताताईंचा, अर्ध्या मिनिटाचा: ‘घाबरू नको गं. खेळतोय ना? पितोय ना? मग काय नाय. एका बाजूचं पुरं पिऊ दे, मगच दुसरीला लाव. ताप असंल तर मातर डाक्टरकडं जा.’ म्हणजे त्या तिथेच होत्या. त्यांनी माझं वाचलं होतं. त्यांचा आवाज जरा बसलेला होता, नाक चोंदल्यासारखा. मी तो तीनदा ऐकला. प्रत्येक वेळी शेवटी थोडा श्वास होता, आणखी काही म्हणणार आणि बटण सुटलं, असा. मी त्या श्वासाच्या पुढचं ऐकायला सहापर्यंत बसले. प्रबुद्ध आमूला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. सहा वाजले. सहा वाजून पाच झाले. ती पाच मिनिटं मी माझ्या नऊ दिवसांच्या आमूसाठी दिली. फोननं विचारलं, ललिताताई यांना काढायचं? माझ्या पाठीला त्यांचं हसणारं पोट लागलं होतं ती जागा मला नेमकी जाणवली. मी हो दाबलं. गटात एक करडी ओळ आली, माझ्या नावानं, की मी त्यांना काढलं. मी ती पुसली नाही. पुसताही येत नाही, ते बरं आहे.

मग मी सुई काढली. आईच्या दुसऱ्या पातळाचा चौकोन फाटलेल्या भागावर ठेवून कडेनं शिवत गेले, बावीस टाके जपत. अर्ध्यात असताना फोन उजळला, गटात नाही, खाजगीत. ‘ताई, मी नम्रता, पळसदरी. मला गाठोडं हवंय. आईला मी बघते. उद्या आमच्या ह्यांना पाठवते, प्रीतमना, ते स्टेशनजवळ थांबतील. कुणाला कळायला नको.’ नववा महिना, पाय सुजलेले असतील, त्याच घरात ती आई, त्याच घरात ती वहिनी, आज रात्री जेवणाच्या पानावर काय वातावरण असेल. तिला ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. पण मग ते कापड त्या घरात चोरासारखं शिरणार, आणि बाळ रडलं, जरा अंग तापलं, की बोट त्याच्याकडेच दाखवणार. चांगलं बोलणंही खाजगीतच ठेवायचं असेल तर वाईट बोलण्याला एवढं मोठं मैदान मोकळं राहतं. मी सुई पातळात खोचली. ‘गटात लिही, नम्रता,’ मी लिहिलं. ‘जमेल तेव्हा लिही. गाठोडं तुझ्यासाठी थांबवलंय, दुसऱ्या कुणाला देणार नाही.’ दोन निळ्या खुणा झाल्या. आपण एका जड पोटाच्या मुलीवर केवढं ओझं टाकलं, असं मनात आलं, आणि ते खरंही होतं. मी शिवत राहिले. आमू रांगत येऊन दोरा ओढायला लागली, मी तिच्या मुठीतून तो सोडवला, तिनं पुन्हा धरला.

शेवटचा टाका घालून दोरा तोडला तेव्हा गट वाजला. ‘गाठोडं मला पाहिजे. ज्या घरातून आलंय त्या घरातून पाहिजे. ते आमच्या दारातून आत येऊ दे. नम्रता.’ मी बघत राहिले. त्याखाली एकही अंगठा उमटला नाही. मी पण दिला नाही. मी झबली मोजून ठेवली, सात, टोपडी दोन, लंगोट चार, वर चौकोन ओढून घट्ट गाठ मारली, आणि काठावर तेविसाव्या टाक्याची जागा बोटानं चाचपून पाहिली. उद्या सकाळी आमूला पोटाशी बांधून मी रिक्षानं पळसदरीला जाणार आहे, गाठोडं हातात घेऊन, पुढच्या दारानं. म्हातारी असेल, ललिताताई असतील. चहा ठेवला तर पिईन. नाही ठेवला तर मागेन.